कोनाड्यातला कप

टँकरवाल्यानं कॉक सोडला आणि पाणी धो धो करत नानासाहेबांच्या दारातल्या फुफाट्यावर पडायला लागलं. दोन गडी खराट्यानं ते पाणी सारखं करत होते. पाहुण्याच्या बुटांवर धूळ बसता कामा नये, अशी नानासाहेबांची, म्हणजे दूध सोसायटीच्या चेअरमनची, ताकीद होती. रस्त्याच्या पलीकडं बोरदऱ्याच्या बाया घागरी मांडून उभ्या होत्या. आधी चेअरमनच्या दारात सडा, मग उरेल ते गावाच्या आडात. बाया मातीत जिरणाऱ्या पाण्याकडं बघत राहिल्या आणि वाड्याच्या ढेळजेच्या पायरीवर बसलेला बलभीम बायांकडं बघत राहिला.

त्या बायांच्या मागं, चार हात अंतर राखून, त्याची माय पुतळाबाई घागर घेऊन उभी होती. चांगली धडधाकट होती. पण कालच बलभीमनं पाहुण्याला सांगितलं होतं, माझी आई फार आजारी आहे.

पाहुणा डेन्मार्कचा होता. येन्स त्याचं नाव. पन्नाशीचा, ताडमाड उंच, हाताचे पंजे फावड्याएवढे. तरुण शेतकऱ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत बलभीम गेल्या साली उन्हाळाभर त्याच्या घरी राहून आला होता. खरं तर त्या योजनेसाठी नानासाहेबांनी आपल्या पुतण्याची तयारी केली होती. सफारीसुद्धा शिवून झाली होती. पण निवड करणारी माणसं चमत्कारिक निघाली. त्यांनी उमेदवारांना गोठ्यात नेऊन म्हशीची धार काढायला लावली. पुतण्या म्हशीच्या भलत्याच बाजूनं बसला आणि म्हशीनं आपलं मत लाथेनं कळवलं. बलभीमचं लहानपण म्हशीच्या पोटाखालीच गेलं होतं, त्याला काही अवघड गेलं नाही. गावानं मग नाइलाजानं त्याचा सत्कार केला. हार मात्र नानासाहेबांनी त्याच्या गळ्यात घातला नाही, वरच्या वर ओंजळीत सोडला. विमानात बसेपर्यंत त्या हाराचा वास बलभीमच्या हाताला येत होता.

जो जाऊन आला त्याच्याच घरी पुढच्या साली तिकडच्या माणसानं येऊन राहायचं, असा योजनेचा नेम होता. पुतळाबाईला हे कळल्यापासून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या. पाहुण्याची उंची किती, असं तिनं विचारलं तेव्हा बलभीमनं हात वर करून दाखवला. ते बघून तिनं सुताराला बोलावलं आणि बाज हातभर लांब करून घेतली.

"पावण्याचं पाय बाहीर लोंबाया नगंत," ती म्हणाली. "त्येंच्या घरात तुला पलंगावर निजवलं म्हणालास. मंग आपल्यात बी त्येला नीट निजाया पायजे."

ती लांबलचक बाज तीन रात्री रिकामी पडली होती. उस्मानाबादच्या स्टँडवर येन्स एसटीतून उतरला तेव्हा बलभीमच्या आधी सोसायटीची जीप हजर होती. नानासाहेबांनी येन्सच्या गळ्यात हार घातला, फोटो काढून घेतला आणि बॅग जीपमध्ये टाकली. बलभीमला त्यांनी बाजूला घेतलं.

"तुज्यात कुटं सोय हाय, बलभीम? परदेशचा मानूस. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. आमच्यात ऱ्हाईल त्यो. तू आपला बोलायचं काम कर मधी."

"पर नानासाहेब, नेम हाय तसा. मायनं समदी तयारी केलीया."

"आरं, मी न्हाय कुटं म्हणायलोय? नेऊ की एक दिवस. आधी सोसायटीचं काम हुंदे."

सोसायटीचं काम म्हणजे दूध थंड करायचं यंत्र. डेन्मार्कात सहकारी डेअऱ्या आहेत आणि पाहुणा त्यातल्या एकीचा पंच आहे, हे नानासाहेबांना कुठून तरी कळलं होतं. मनात आणलं तर हा माणूस यंत्र मिळवून देईल, असा त्यांचा हिशेब. ज्या सोसायटीसाठी हा सगळा आटापिटा, तिच्या कॅनमध्ये बलभीमच्या म्हशीचं दूध चालत नव्हतं. त्याला ते रोज सायकलवर तेर गावी नेऊन हॉटेलात घालावं लागायचं. येन्सच्या गावात सगळ्या घरांचं दूध एकाच टाकीत पडताना बघून बलभीम पहिल्या दिवशी तिथंच खिळून उभा राहिला होता. त्याला काय एवढं बघण्यासारखं दिसतंय, हे तिथल्या कुणालाच कळलं नव्हतं.

आणि येन्स तर येता-जाता विचारायचा, तुझ्या घरी कधी जायचं? तिसऱ्या दिवशी त्यानं फारच लावून धरलं तेव्हा नानासाहेब हसत हसत म्हणाले, "सांग त्येला, माय आजारी हाय म्हणावं." आणि बलभीमनं तसं सांगितलं. इंग्रजी दोघांचीही मोडकीतोडकी होती, पण खोटं बोलायला तेवढी पुरली. त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही. आपली जीभ आपणच कुणाच्या तरी दावणीला नेऊन बांधली, असं त्याला वाटलं आणि स्वतःचीच किळस आली.

आज सोसायटीचे पंच जमायचे होते. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. येन्सला लोडाशी बसवलं होतं. शेजारी नानासाहेब, पलीकडं मुरूमहून येऊन इथं पेंडीचं दुकान टाकलेला वीरप्पा आणि बाकीचे पंच. बलभीम पायरीवर, तिथूनच तो इकडचं तिकडं करून सांगायचा. तू तिथं का बसतोस, असं येन्सनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. इथं वारा लागतो, असं बलभीमनं सांगितलं होतं. तेही खोटंच.

यंत्राचं बोलणं झालं. येन्सनं मान डोलावली, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि मग चहा आला. कस्तुराबाईंनी, म्हणजे नानासाहेबांच्या घरच्यांनी, ट्रंकेतले गुलाबाच्या फुलांचे कप काढले होते. सगळ्यांना त्यांनी कपबशा दिल्या. बलभीम आपण होऊन उठला. ढेळजेच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यातला कान तुटलेला कप त्यानं काढून आणला आणि पायरीवर ठेवला. कस्तुराबाईंनी वरून धार धरून त्यात चहा ओतला. किटली आणि कप यांच्यात वीतभर अंतर राहिलं. कस्तुराबाई वाईट बाई नव्हत्या. चहात साखर सगळ्यांच्या इतकीच होती. पण ते वीतभर अंतर त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं की गप्पा मारतानासुद्धा त्यात बोटभर फरक पडायचा नाही.

बलभीमनं चहा प्यायला, बादलीतल्या पाण्यानं कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. जन्मभर केलेलं काम. मागं वळून बघतो तर येन्स ओसरीवरून खाली उतरत होता, हातात रिकामा कप, आणि चेहरा ओळखीचं काही सापडल्यागत खुललेला.

पुढं काय होणार ते बलभीमला त्या क्षणी कळलं.

डेन्मार्कातल्या पहिल्याच सकाळी गोठ्यातलं काम आटोपून सगळे स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसले होते. येन्सची बायको किर्स्टन हिनं बलभीमला आपल्या शेजारी खुर्ची दिली होती. कॉफी झाल्यावर तो उठला, नळाखाली कप धुतला आणि ठेवायला जागा शोधायला लागला. त्या घरात कोनाडा नव्हता. शेवटी मागच्या दाराबाहेर, चिखलाचे बूट काढून ठेवायच्या जागेवर खिडकीचा कट्टा होता, तिथं त्यानं तो पालथा घातला. किर्स्टननं तो आत आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बाहेर नेला. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, हे काय? गाय, दूध, नांगर, पाऊस, सगळ्यांना त्याच्याजवळ इंग्रजी शब्द होते, ह्याला नव्हता. आणि असता तरी त्या चांगल्या बाईपुढं तो तोंडातून काढायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, आमच्या देशात अशी रीत आहे.

झालं. त्या भल्या माणसांनी ती रीत डोक्यावर घेतली. किर्स्टन शेजारपाजाऱ्यांना कौतुकानं सांगायला लागली, भारतातली माणसं किती नेटकी! आणि येन्सनं पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून आपलाही कप स्वतः धुऊन त्याच्या कपाशेजारी पालथा घालायला सुरुवात केली. रोज. पाऊस पडला की दोन्ही कपांच्या बुडावर पाणी साचायचं. बलभीम ते रोज बघायचा. आज सांगू, उद्या सांगू करता करता परतीचा दिवस उजाडला. सातासमुद्रापलीकडं जाऊनसुद्धा ह्या गड्यानं काय नेलं, तर गावचा कोनाडा नेला.

तोच कोनाडा आता येन्सला सापडला होता. त्यानं बादलीत हात घालून कप खळखळून धुतला आणि बलभीमच्या कानतुटक्या कपाला चिकटवून पालथा ठेवला. मग ओसरीकडं वळून, दोन्ही हात जोडून तो इंग्रजीत काही बोलला.

वीरप्पाची बशी तोंडापाशीच थांबली.

"ह्यो काय करायलाय?" नानासाहेबांनी विचारलं. "काय म्हणायलाय त्यो?"

"म्हणतोय," बलभीम म्हणाला, "तुमची रीत मला ठावं हाय. बलभीमनं शिकवली. आमच्या घरी बी आमी असंच करतो."

वीरप्पा कपाळाला हात लावून पुटपुटला, "शिव शिव शिव." एका पंचाला हसू आवरेना. पण नानासाहेब काही उगीच पंधरा वर्षं चेअरमन नव्हते. त्यांनी एकदा कोनाड्याकडं बघितलं, एकदा येन्सच्या हसऱ्या तोंडाकडं, आणि डोळ्यांपुढं यंत्र आणलं. मग मांडीवर थाप मारून ते मोठ्यांदा हसले.

"व्हय की! वाडवडलांपासूनची रीत हाय. सांग त्येला. पावणा लई हुशार हाय म्हणावं." आणि हसू तसंच ठेवून दातांतल्या दातांत म्हणाले, "उटा रं समदे. आपापले कप धुवा. वीरप्पा, उटा."

"आमी, नानासाहेब? तितं?"

"यंत्र पायजे का न्हाय?"

आणि मग बलभीमला आयुष्यात जे बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं ते बघायला मिळालं. गावचे पंच, धोतराचे सोगे सावरत, एकामागून एक पायऱ्या उतरले. ज्यांनी जन्मात घरातलं भांडं विसळलं नव्हतं ते बादलीपुढं वाकून कप धुवायला लागले. बादली संपली, दुसरी आली. रस्त्यापलीकडं घागरी घेतलेल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. आपल्या वाटणीचं पाणी कशाला चाललंय ते त्यांना कळेना. एकेकानं कप नेऊन कोनाड्यात ठेवला, पण कसा? दोन बोटांनी, कडेला, कानतुटक्याला लागणार नाही असा. येन्सचा कप त्या कानतुटक्याला चिकटला होता, म्हणून त्यालाही कुणी आपला लागू देईना. कोनाडा भरल्यावर वीरप्पानं आपला खाली दगडावरच ठेवला आणि धोतराला हात पुसला. दोनदा पुसला.

बलभीमच्या बापानं त्याच कोनाड्यातल्या कपानं चहा प्यायला होता आणि तसाच मरून गेला होता. त्या कोनाड्याची थोरवी सांगायला आज ही मंडळी जमली होती. एका यंत्रासाठी ही माणसं विटाळसुद्धा परंपरा म्हणून विकायला निघाली होती आणि पाहुणा तो आनंदानं घ्यायला बसला होता.

येन्सनं कॅमेरा काढला. नानासाहेबांनी टोपी नीट केली आणि कोनाड्याशेजारी उभे राहिले. किर्स्टनला हे बघून फार आनंद होईल, येन्स म्हणाला. पण तिनं एक विचारायला सांगितलं आहे. ह्या रीतीचा अर्थ काय?

"काय म्हणतोय?" नानासाहेब.

"ह्याचा अर्थ काय, म्हणतोय."

"सांग, स्वच्छतेसाठी हाय. आरोग्यासाठी. सांग ना, बघायलास काय?"

बलभीमनं रस्त्यापलीकडं बघितलं. त्याची माय तिची घागर न भरताच घराकडं परतत होती. आड आज कोरडाच राहणार होता. मग तो येन्सकडं वळला आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलला. शब्द साधेच निघाले. इतके दिवस ज्या गोष्टीला शब्द सापडला नव्हता तिला खरं तर साधेच शब्द लागत होते.

तो म्हणाला, "तो तुटका कप माझा आहे. ही माणसं मला शिवत नाहीत. मी त्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही, म्हणून तो बाहेर आहे. तुझ्या घरी मी भीतीनं तसं केलं. ती रीत नाही, येन्स. ती घाण आहे. ती मी तुझ्या खिडकीत नेऊन ठेवली. आणि माझी आई आजारी नाही."

येन्सचा कॅमेरा हळूहळू खाली आला. तो कोनाड्याकडं बघत राहिला. "रोज?" त्यानं विचारलं. "मी रोज शेजारी ठेवत होतो, ते?"

"हो."

येन्सच्या गोऱ्या मानेवर लाली चढत गेली. तो ओसरीवरून आत गेला.

"काय सांगितलंस रं एवढं?" नानासाहेबांनी टोपीला हात लावून ठेवला होता, फोटो राहिला म्हणून.

"स्वच्छतेचंच सांगितलं, नानासाहेब."

येन्स आपली बॅग घेऊन बाहेर आला. कस्तुराबाईंना त्यानं वाकून नमस्कार केला आणि तडक पायऱ्या उतरला.

"आरं, आरं, कुटं निघाला ह्यो? जेवण व्हायचंय."

"माझी माय आजारी हाय न्हवं?" बलभीम म्हणाला. "तिला बघाया येतोय."

"मंग ब्याग कशापायी?"

"आवशीद हाय त्येच्यात."

आपल्याच हातानं घातलेली गाठ, ती चारचौघांत सोडवायची कशी हे नानासाहेबांसारख्या हुशार माणसालाही सुचलं नाही.

पुतळाबाईनं दारात एवढा उंच माणूस बघितला आणि तिची तारांबळ उडाली. चौकटीत त्याचं डोकं आपटलं, ती "आगं माय माय" करत धावली. किर्स्टननं बलभीमच्या आईसाठी म्हणून दिलेले लोकरीचे पायमोजे येन्सनं तिच्या हातात ठेवले. तिनं ते उलटसुलट करून बघितले, उन्हाकडं बघितलं आणि हसायला लागली. येन्सलाही हसू फुटलं. मग तो त्या लांब बाजेवर आडवा होऊन बघायला लागला. पाय बाजेच्या आत मावले. पुतळाबाईनं बलभीमकडं असं बघितलं, जसं काही तिनंच डेन्मार्क जिंकला होता.

चूल पेटली. तेवढ्यात दारात नानासाहेबांचा गडी ज्ञानोबा येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपली त्यानं लांबूनच उंबऱ्याबाहेर ठेवली. आत गुलाबाच्या फुलांचे सगळे कप होते, बशांसकट, आणि सगळ्यांत वर तो कानतुटका.

"बाईसायबांनी धाडल्यात. ठिवून घ्या म्हणल्या," ज्ञानोबा खाली बघत म्हणाला. "एका कोनाड्यात लागल्यात समद्या. आमच्यात आता चालत न्हाईत." आणि उत्तराला न थांबता तो निघून गेला.

पुतळाबाई टोपलीवर वाकली. असले एकसारखे कप तिच्या घरात कधी आले नव्हते. "बाई, किती नाजूक हाय रं काम," ती म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

"माय, ऱ्हाऊ दे तितंच," बलभीम म्हणाला. "शिवू नगंस त्येला."

तिचा हात थांबला. हा शब्द तिनं जन्मभर ऐकला होता, पण घरातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच. तिनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं, ते किळसेनं वाकडं झालं होतं. मग तिनं टोपली पायानं थोडी बाजूला सारली, आत आली आणि घरातल्याच पितळी पेल्यांत तिघांचा चहा गाळला.

तिघं बाजेभोवती बसून चहा प्यायले. येन्सचा पेला रिकामा झाला तसा तो सवयीनं उठला, पाण्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली आणि मध्येच थांबला. पेला हातात धरून तो घराच्या भिंती बघत राहिला, मग बलभीमकडं. कुठं ठेवू, हे त्याला कळत नव्हतं.

पुतळाबाई उठली. तिनं येन्सच्या हातातून पेला घेतला. त्यांची बोटं एकमेकांना लागली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तिचा आणि बलभीमचा पेला परातीत पडला होता, त्यातच तिनं तो ठेवला आणि हंड्याच्या तळाशी उरलेलं तांब्याभर पाणी तिन्ही पेल्यांवर मिळून ओतलं.